हिरव्या तंबूतल्या बाईस

ॲडलेड
१४ एप्रिल १९९६

प्रिय क्वीनी,

तंबू घेतला. हिरवा. दुकानातल्या माणसानं विचारलं, "नातवंडांसाठी का?" म्हटलं, "नाही रे बाबा, माझ्यासाठी. आणि नातवंडं मला नाहीत." मग तो बिचारा खुंट्या बांधायला लागला.

परसात ठोकून पाहिला. दुपारी त्यात आडवी झाले तर झोपच लागली. कापडातून ऊन आत आलं की सगळं पाण्याखाली असल्यासारखं हिरवं होतं. जाग आली तेव्हा वाटलं, मी घळीतच आहे, वरच्या खडकावर तू कपडे वाळत घालतेयस आणि आता ओरडशील, "ऊठ बाई, मालकांचा चहा राहिलाय." खरं सांगू, उठावंसंच वाटेना. शेजारच्या ग्वेननं कुंपणावरून डोकावून विचारलं, जिवंत आहेस ना म्हणून.

तर मी येतेय. गाडी जुनी आहे, मीही जुनी आहे, दोघींचं जमतं. पाऊस ओसरून तुमचा रस्ता उघडला की निघते, वाटेतल्या घळी बघत बघत, घाई नाही. शेवटी तुझी घळ. त्या दोन बोअब झाडांखाली तंबू ठोकायचा, राखेत पाव भाजायचा आणि तू बोलत राहायचं. माझ्या घरात बोलायला फक्त रेडिओ उरलाय, क्वीनी, आणि तो माझं ऐकत नाही. तुझ्या आईनं त्या गुरांच्या स्टेशनच्या स्वयंपाकघरात मला, गोरीला, तुझी थोरली बहीण करून टाकलं, का, तर नातं नसलेल्या माणसाशी बोलायचं कसं ते तिला कळेना. तेव्हा मी हसले होते. आता या जगात बहीण म्हणून हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलंय. यंदा नाही आले तर पुढं माझे गुडघे येऊ देणार नाहीत.

ये म्हण.

तुझी,
नोला

* * *

दोन बोअब वस्ती
६ मे १९९६

नोले,

ये. यात विचारायचं काय?

पण तंबू कशाला घेतलास? उघड्यावर झोपायची सवय गेली वाटतं शहरात. तुझं ते हिरवं घर बघून सगळी पोरं आत घुसतील, मग रडत येऊ नकोस माझ्याकडे.

रस्ता अजून मऊ आहे. महिनाभर थांब. टायरमधली हवा कमी करून चालव, नाहीतर त्या खडबडीत रस्त्यावर तुझे दात पडतील, असले तर. नदी ओलांडताना आधी पायी जाऊन खोली बघ. सुसरी गोड्या पाण्यातल्याच आहेत, त्या तुला बघून पळतील.

वाटेत पत्र टाकायचं तर कर्ल्यू रोडहाऊसवर टाक. पेट्रोलपंपवाला क्लेम टपाल सांभाळतो, विमान आलं की आमची पिशवी त्यात देतो. मीही तिथंच पाठवीन.

पाण्याला सांगून ठेवलंय तू येतेयस म्हणून. तरी प्रत्येक घळीत शिरताना तू आपणहून सांग, कोण, कुणाची ते. अनोळखी पाणी असतं, त्याला काय माहीत.

आणि ऐक. तुझ्यासाठी एक ठेवलंय. पत्रात लिहिण्यासारखं नाही. दोन्ही हातांनी धरावं लागेल, तेव्हा हात धुऊन ये. विचारू नकोस, सांगणार नाही. माझी नात रोझली सारखी म्हणते, "लिही ना आजी, लिही ना." तिलाही गप्प बसवलंय. तोंड बघायचंय मला तुझं.

क्वीनी

* * *

कर्ल्यू रोडहाऊसच्या अलीकडे, एका घळीत
११ जून १९९६

प्रिय क्वीनी,

लाल धुळीनं मी आतून बाहेरून तुझ्याच रंगाची झालेय. कानात धूळ, चहात धूळ, पावात धूळ. समोरून गाडी आली की स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायचा, हे मी अजून विसरले नाही. काल दिवसभरात चारच बोटं दिसली, आणि त्यातलं एक सैल पडलेल्या आरशाला धरून होतं.

ही घळ लहान आहे, नाव विचारलं नाही. गाडी वर ठेवून, दगडांवरून बसत-घसरत उतरले. आत शिरलं की आधी पाय गार पडतात. मग आवाज थांबतो. बाहेर माश्या, वारा, लांबच्या ट्रकची घरघर. आत काही नाही, कुठून तरी थेंब पडतोय तेवढंच. तू सांगितलंस तसं काठाशी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "मी नोला. क्वीनीची थोरली. जरा पडून राहीन, काही नेणार नाही." मग पाठीवर तरंगत राहिले. दोन्हीकडून लाल कडे, मधे आभाळाची चिंचोळी पट्टी. ती सरकतेय की मी सरकतेय ते कळेना. एकदा वाटलं, तुझी आई काठावर बसून मासे साफ करतेय. मान वळवली नाही. वळवली असती तर ती नसती. बाहेर आले तेव्हा बोटांना सुरकुत्या पडलेल्या. तशा त्या आधीपासून आहेतच म्हणा.

तंबूत पडल्या पडल्या तुझ्या त्या वस्तूचा विचार करते. दोन्ही हातांनी धरायचं, हात धुऊन. मोठा मासा? मग रोझली कशाला उतावीळ होईल? मधाचं पोळं? का कुत्र्याचं पिल्लू? पिल्लू असेल तर आत्ताच सांगून ठेवते बाई, या वयात मला कुणाचं हगणं-मुतणं काढायची हौस नाही. तुलाच ठेव.

हे पत्र एका ट्रकवाल्याच्या हाती पुढं धाडते, मी आठ-दहा दिवसांत क्लेमकडे पोचते. तिथं तुझं पत्र बघते आणि सरळ तुझ्याकडे.

तुझी,
नोला

* * *

(पाकिटावर: हिरव्या तंबूतल्या बाईस, जुनी टोयोटा, एकटीच आहे. कर्ल्यू रोडहाऊस.)

१९ जून १९९६

थोरल्ये,

घळ बंद आहे. रस्त्याला साखळी लावली आहे. आत्ता इकडे येऊ नकोस.

क्लेमकडे थांब, किंवा दुसरी घळ बघ. बघण्यासारख्या पुष्कळ आहेत.

क्वीनी

* * *

कर्ल्यू रोडहाऊस
२४ जून १९९६

क्वीनी,

क्लेमनं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमचंच असणार, बाई. दुसरा हिरवा तंबू नाही इथं." मागं दोन ट्रकवाले उभे होते, ते हसले. मी पण हसले, काय करणार.

सगळा खंड उभा ओलांडून आले मी. आणि पाकिटावर माझं नाव लिहायला तुझा हात जड झाला? इतक्या वर्षांत तुझं एक पत्र "नोले" म्हटल्याशिवाय सुरू झालं नाही. भांडलो तेव्हासुद्धा नाही. त्या वर्षी मी ख्रिसमसला यायचं कबूल करून आले नाही, तेव्हाही तू लिहिलंस, "नोले, तू खोटारडी आहेस." पण नोले होतंच की त्यात.

पिल्लाची थट्टा लागली का तुला? ती मी तंबूत पडून, पोट भरलेलं असताना केली, त्यात काय होतं एवढं? का कुणी वस्तीत म्हणालं, ही गोरी म्हातारी कशाला आता? तसं असेल तर तसं लिही. साखळी-बिखळी सांगू नकोस. बघण्यासारख्या पुष्कळ आहेत म्हणे. मी काय घळी बघायला आले?

आल्यापासून रोज एकाच स्वप्नात आहे. मी पाण्यात उतरते, कोण ते सांगायला तोंड उघडते आणि काही आठवत नाही. पाणी थांबून वाट बघतं. जागी होते तर तंबू हिरवागार, बाहेर कावळे.

मी विमानाच्या पुढच्या टपालापर्यंत इथं आहे. नंतर गाडी दक्षिणेकडे वळवते. मग तू बोलावलंस तरी येणार नाही.

नोला. असं लिहितात ते.

* * *

(पाकिटावर: हिरव्या तंबूतल्या बाईस. क्लेम, हे तिलाच दे, आणि हसू नकोस.)

दोन बोअब
१ जुलै १९९६

थोरल्ये,

तुझं पत्र वाचलं. खालचा शब्द बोटानं झाकून वाचलं आणि वाचून जाळलं. तुला वाईट वाटेल, पण घरात ठेवता येत नव्हतं.

आता सांगते. आधी सांगता आलं नाही. तोंडातून निघत नव्हतं, हातातूनही निघेना.

पावसाळ्यात रोझलीला मुलगी झाली. तीच तुझ्यासाठी ठेवलेली. तिला तुझं नाव ठेवलं होतं. माझी आईच म्हणायची, थोरलीचं नाव घरात राहिलं पाहिजे, ती शहरात कुठं हरवून बसेल. म्हणून ठेवलं. काळीभोर, तळपाय तेवढे गुलाबी. तुझ्यासारखीच हट्टी होती. दिवसभर झोपायची आणि बाकीच्यांना जागवायची. पहिल्यांदा पाण्यावर नेली तेव्हा मी काठावर तिचं नाव मोठ्यानं सांगितलं, तर हसली. तेवढं लहान पोर हसत नाही म्हणतात. हसली ती.

जूनमध्ये ताप आला. विमान आलं, डॉक्टर आले, सगळ्यांनी करायचं तेवढं केलं. तिनं कुणाचं ऐकलं नाही.

तुझं पिल्लाचं पत्र ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी आलं. रागावले नाही गं. तुला काय माहीत. मी ते वाचत बसले आणि म्हटलं, बघ, हिला कळलंसुद्धा नाही आणि तरी हिनं बरोबर तिच्याबद्दलच लिहिलंय.

आता रीत तुला ठाऊक आहे, गेलेल्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही. आई गेली तेव्हा तू स्वयंपाकघरात कुणाला तिचं नाव घेऊ दिलं नव्हतंस. नव्या मॅनेजरनं घेतलं तर तूच त्याच्या अंगावर पळी घेऊन धावलीस. हे तसंच आहे. घळीला साखळी लावली तीही तिच्याचसाठी. नाव तिचं होतं, आणि ते बंद झालंय. तुझं पण तेच आहे त्याला आम्ही काय करणार? माणूस जिवंत असलं तरी नाव बंद ते बंद. मी ते लिहिलं असतं आणि पाकीट रोझलीच्या नजरेस पडलं असतं तर? तिचं काळीज अजून उघडंच आहे. कुणी नुसतं "नो" म्हणालं तरी ती दचकून बघते.

म्हणून तू थोरली. हिरव्या तंबूतली बाई. बाकीचे तुला बिननावाची म्हणतील, त्यावर चिडू नकोस.

हवं तर दक्षिणेला जा. मी काही म्हणणार नाही. पण मला तू इथं हवी आहेस. फार हवी आहेस. साखळीपर्यंत ये, पुढचं मी बघते.

क्वीनी

* * *

कर्ल्यू रोडहाऊस
५ जुलै १९९६

धाकटे,

इतकी वर्षं ती रीत पाळली, आणि ती माझ्याच नावाला लागेल असं डोक्यात आलं नाही. कारण माझं नाव कुणी ठेवून घेईल असंच कधी डोक्यात आलं नाही. मला वाटलं, माझं नाव म्हणजे माझ्याबरोबर संपणारी गोष्ट.

पत्र वाचून तंबूत शिरले आणि सगळ्या चेनी लावून घेतल्या. क्लेम बाहेरून दोनदा चहा ठेवून गेला. त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, त्याला ठाऊक होतं, वस्तीतल्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. पण सांगायचा हक्क त्याचा नव्हता. पहिल्या दिवसापासून तो मला "बाई" म्हणत होता तो त्यामुळे. आणि मला वाटलं, उद्धट आहे.

माझ्या पाण्याच्या डब्यावर नाव रंगवलेलं होतं, मोठ्या अक्षरांत. त्यावर चिखल थापला. वाळून पडायला लागला, मग क्लेमनं काळा रंग दिला. औषधांच्या बाटल्यांवर, टोपीच्या आत, टॉवेलच्या कोपऱ्यात, कुठं कुठं असतं गं माणसाचं नाव. सगळं खरवडलं, फासलं. सुटं सुटं वाटलं खरं. वाईट नाही, हलकं. जरा झोपेतल्यासारखं.

पोरीला बघितलं नाही मी. हातात धरलं नाही. हात धुऊन आले होते.

उद्या निघते. साखळीच्या अलीकडे तंबू ठोकते. तू म्हणशील तेव्हा आत येईन, म्हणणार नाहीस तोवर तिथंच राहीन.

तुझी थोरली

* * *

ॲडलेड
२० नोव्हेंबर १९९६

धाकटे,

पोचले. गाडीची धूळ धुवायला ग्वेननं तिच्या भाच्याला पाठवलं होतं, त्याला परत पाठवला. राहू दे म्हटलं अजून थोडे दिवस.

इथं जागं असणं आणि झोपणं यात मला अजून फरक करता येत नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय ठेवला की गार लागतं आणि मी ऐकायला थांबते, थेंब पडतोय का. मग तुम्ही सगळे दिसता. साखळी सोडायला आलेली तू, शोकाची लाल माती फासलेलं कपाळ. मी बोलायला गेले तर तोंडावर हात ठेवलास. शुद्धीसाठी जाळलेल्या पानांच्या धुरात आपण बसलो होतो ते. तीन आठवडे पाण्याकडे कुणी गेलं नाही, आणि मग एका सकाळी तूच म्हणालीस, चल. काठावर उभं राहून मी काय सांगावं कळेना, तर तूच सांगितलंस पाण्याला, "ही माझी. हिला ओळखतंस तू." एवढ्यावर भागलं.

आणि रोझली. ती माझ्याजवळ यायची नाही, मी पण गेले नाही. मला बघून तिला काय आठवत असेल ते मला कळत होतं. शेवटच्या आठवड्यात ती दुपारची माझ्या तंबूत शिरली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सबंध दुपार. हिरव्या उजेडात तिचा चेहरा लहान पोरीसारखा दिसत होता. माझे पाय मेले होते, पण हलले नाही. ते तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

इथं मी ग्वेनला म्हटलं, मला आता इर्मा म्हण, माझं मधलं नाव आहे ते. तिला वाटलं, म्हातारी गेली कामातून. पण म्हणते. बँकेत आणि दवाखान्यात मात्र इलाज नाही. परवा डॉक्टरकडे बसले होते आणि नर्सनं दारातून हाक मारली, ते नाव घेऊन. मी उठलेच नाही. आधी सगळ्या खुर्च्यांकडे बघितलं, कुठली लहान पोर उठतेय का म्हणून. नर्स पुन्हा म्हणाली, तरी मी बघतच होते. मग बाकीचे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा उठले.

आता दर वेळी तसंच होतं. आणि थांबावं असं मला वाटतही नाही.

तुझी थोरली

* * *

दोन बोअब
३ जून १९९८

थोरल्ये,

मधे छोटी छोटी पत्रं टाकली, त्यात हवापाण्यापलीकडे काही नव्हतं. हे मोठं आहे. चष्मा लाव.

परवा मी आणि रोझली खाली पाण्यावर होतो. साखळी काढूनही आता पुष्कळ दिवस झाले, लोक तंबू घेऊन येतात, जातात. त्या दिवशी कुणी नव्हतं. मी गळ टाकून बसले होते, ती गुडघाभर पाण्यात उभी. आणि तिनं नाव घेतलं. पुटपुटली नाही, स्पष्ट घेतलं. म्हणाली, "आजी, ती आता या दगडांवरून पळाली असती, आणि मी मागून ओरडत बसले असते." मग ओरडलीच. कडे उंच आहेत, तुला माहीत आहे. नाव वर गेलं, पलीकडे आपटलं, परत आलं. रोझली रडली नाही. तिनं ते येऊ दिलं, ऐकलं. माझी मासळी सुटली, तिच्यामागं धावले नाही मी.

वस्तीतल्या थोरांना विचारलं. ते म्हणाले, आईनंच उघडलं म्हणजे उघडलं.

तेव्हा तुझी ती ग्वेन तुला काय इर्मा का फिर्मा म्हणते ते पुरे करायला सांग.

इतक्या दिवसांत किती वेळा हाक तोंडापर्यंत आली आणि गिळली. पाव भाजताना, पत्र लिहिताना, तू साखळीपाशी उभी होतीस तेव्हा. सगळ्या साठून राहिल्यात. आज मारून घेते.

नोले.
नोले.
नोले.

पहिल्या दोन तुझ्या. तिसरी तिची आहे. तोंडात शब्द येण्याआधीच गेली ती, कुणाच्या हाकेला कधी ओ दिली नाही तिनं. तिच्या वतीनं तू दे.

क्वीनी